स्थिर अवस्थेत उपलब्ध

९ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद देणार होते, पण आज माझ्याकडे शिल्लक काही नाही. जे होतं ते सभागृहानं हसण्यावारी नेलं.

आपल्या गावच्या सरकारी रुग्णालयातली लिफ्ट बंद आहे, हे तुला मी काय सांगणार? तू तिथला प्रशासकीय अधिकारी, दिवसातून दहादा तिच्यासमोरून जातोस. ज्यांनी मला निवडून दिलं त्यांच्यासाठी काहीतरी करावं, म्हणून मी तीन भागांचा साधा प्रश्न टाकला. एक: लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? दोन: असल्यास, ती कधी सुरू होणार? तीन: विलंबाची कारणे काय? याहून सोपं विचारायचं तर मंत्र्यांना त्यांचं स्वतःचं नाव विचारावं लागेल, आणि त्यासाठीही ते माहिती मागवून घेतील.

आरोग्यमंत्री उठले. हा माणूस हातातला कागद अक्षरन् अक्षर वाचतो आणि स्वतःची भर म्हणून शेवटी एकदा खोकतो. गेल्या अधिवेशनात पानाच्या तळाला ‘कृपया मागे पाहावे’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी तेही ठणकावून वाचलं आणि सत्ताधारी बाकांवरचे निम्मे लोक मागे वळून पाहायला लागले. तर आज त्यांनी वाचलं: ‘एक: हे खरे नाही. सदर उद्वाहन बंद नसून तळमजल्यावर स्थिर अवस्थेत उपलब्ध आहे. दोन व तीन: प्रश्न उद्भवत नाही.’ मग खोकले.

उद्वाहन म्हणजे लिफ्ट, हे मला कळेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. मी पुरवणी प्रश्नासाठी उठले तर अध्यक्ष म्हणाले, ‘बाई, मूळ प्रश्नच उद्भवलेला नाही, त्याला पुरवणी कसली जोडता?’ मग सगळेच हसले. आमच्या पक्षाच्या नेत्यांनी तोंडापुढे फाईल धरली होती, ती का ते मला कळतं.

आता एक काम कर. हे उत्तर रुग्णालयातूनच वर गेलेलं असणार. अधीक्षकांना औषधाच्या चिठ्ठीपलीकडे मराठी येत नाही, तेव्हा लिहिणारा दुसरा कुणी आहे. त्याला शोध आणि माझ्यातर्फे हार घाल. जरा घट्ट घाल.

फोन करू नकोस. माझा फोन सरकार ऐकतं असं मला वाटतं, तुझा अधीक्षक ऐकतात असं तुला वाटतं. पत्र वाचण्याइतका उत्साह मात्र दोन्हीकडे कुणाला नाही. नानांना सांग, मी रडले वगैरे नाही.

तुझी न उद्भवलेली
ताई


१४ मार्च

ताई,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खुर्ची सोडली तर परत मिळेल याची खात्री नाही.

उत्तर कोणी लिहिलं हे सांगणं माझ्या अधिकारात बसत नाही. जो कोणी असेल तो बायकामुलांचा धनी असावा, एवढं मात्र वाटतं. आणि राग मानू नकोस, पण भाषेवर हात बरा बसलेला दिसतो. चूक तुझी आहे. ‘बंद आहे, हे खरे आहे काय’ असं विचारलंस तर समोरचा ‘नाही’ म्हणूनच मोकळा होणार. ‘वर जाते काय’ असं विचारलं असतंस तर बिचाऱ्याची पंचाईत झाली असती. इतकी वर्षं विरोधी बाकावर बसतेस, एवढं तरी कळायला हवं.

आणि तुझं ते उठणं मला इथं किती महागात पडतं, याचा कधी विचार केलास? तू तिथं उठलीस की मला इथं बसू देत नाहीत. पाण्याबद्दल विचारलंस, माझी रजा नामंजूर झाली. औषधांबद्दल विचारलंस, माझं टेबल संडासाच्या दाराशी गेलं. लिफ्टबद्दल विचारल्यावर अधीक्षकांनी मला आत बोलावलं आणि ‘तुमच्या भगिनी’ अशी सुरुवात केली. सख्ख्या बहिणीला कुणी भगिनी म्हणायला लागलं की आपली चौकशी लागणार हे समजावं. त्या दिवशी मला जे सांगितलं गेलं ते मी केलं. म्हणजे ज्याला सांगितलं गेलं त्यानं केलं.

घरी सगळे बरे. माझ्या वहिनीनं तुझी फाटलेली छत्री दुरुस्त करून ठेवली आहे.

धाकटा

ता. क. नाना न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. आपल्याच रुग्णालयात ठेवलंय, ऑपरेशन नीट झालं. काळजीचा प्रश्न उद्भवत नाही.


१८ मार्च

धाकट्या,

छत्रीची बातमी पत्रात आणि बापाचं मोडलेलं हाड ताज्या कलमात! वा! आणि ‘माझ्या वहिनीनं’, म्हणे! ती तुझी बायको आहे, वहिनी माझी. इतका गडबडला होतास?

काळजीचा प्रश्न उद्भवत नाही, असं तू लिहिलंस आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मग मी ते सभागृहातलं उत्तर पुन्हा काढून वाचलं. ‘बंद नसून स्थिर अवस्थेत उपलब्ध.’ आठवतं? शेजारच्या डॉक्टरांच्या खिडकीला तू दगड मारलास, नाना बाहेर आले, आणि तू चड्डीचा नाडा चाचपत म्हणालास, ‘काच फुटली नाही नाना, ती वेगवेगळी झाली.’ सगळ्या गल्लीत असं वाक्य फक्त तुला सुचू शकत होतं. आता सगळ्या राज्यात तुलाच सुचतं. प्रगती आहे.

घरातला भेदी आपल्याच घरात निघावा, आणि त्यालाच मी हार घालायला पाठवावं! सभागृहात माझी शोभा करणारा माणूस दर भाऊबीजेला... जाऊ दे, ओवाळणी तुला कधीच परवडली नाही.

आता चेष्टा पुरे. हाडांचा विभाग चौथ्या मजल्यावर आहे. मला नीट आठवतं. खुब्याचं हाड मोडलेला आपला बाप चौथ्या मजल्यावर कसा पोचला? तीन भागांत उत्तर नको आहे.

ताई


२२ मार्च

ताई,

हो. मीच लिहिलं.

अधीक्षकांनी सांगितलं, ‘लिफ्ट बंद आहे असं वर कळवू नका, मंत्र्यांनी गेल्याच वर्षी तिचं नूतनीकरण केलंय.’ नूतनीकरण म्हणजे दार हिरवं रंगवलं. मी विचार केला, खोटंही बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, असं काहीतरी लिहू. लिहून झाल्यावर मला ते आवडलंही होतं. जेवताना बायकोला वाचून दाखवलं.

मग नाना पडले. आमच्याकडचा लिफ्टमन अजून नोकरीत आहे, कारण कागदावर लिफ्ट चालू आहे. तो सकाळी येतो, हिरव्या दाराशी स्टूल टाकून बसतो आणि पेशंट आला की उठून त्याला खांद्यावर घेतो. लिफ्टमन या शब्दाचा इतका खरा अर्थ मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यानं, मी आणि वॉर्डातल्या दोघांनी नानांना खुर्चीत बसवून उचललं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलली. नानांनी माझा शर्ट धरला. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांची मूठ उघडली तेव्हा आत माझं बटण होतं. ताई, मला लाज वाटली. ती कुठल्या शब्दात घालावी ते कळत नाही, एरवी मला शब्द बरे सुचतात.

आता अडचण वेगळीच आहे. प्लेट नीट बसली का ते पाहायला एक्स-रे हवा. ते यंत्र तळमजल्यावर. डॉक्टर म्हणतात खुर्चीत बसवून न्यायचं नाही, आडवंच न्यायचं. आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. नाना दुखतंय असं म्हणत नाहीत, पण बोलता बोलता मध्येच थांबतात.

मी बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडे गेलो. म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करून द्या.

तो म्हणाला, ‘चालू लिफ्ट दुरुस्त कशी करू?’

‘अहो, ती बंद आहे.’

‘असं कसं? सभागृहात सांगितलंय बंद नाही म्हणून. मी दुरुस्तीला माणूस पाठवला तर मंत्री खोटे ठरतील. मला पोरंबाळं आहेत, साहेब.’

‘पण मी स्वतः सांगतोय ना.’

‘तुम्हीच तर लिहिलंय नाही म्हणून,’ असं म्हणून त्यानं मला चहा पाजला. माझ्या वाक्याचं कौतुकही केलं.

ताई, तुझ्याशिवाय कुणी नाही. असा एखादा प्रश्न विचार, की मंत्र्यांना आधीचं उत्तर गिळावं लागणार नाही आणि लिफ्टही सुरू होईल. ‘चांगल्या चालणाऱ्या लिफ्टची क्षमता आणखी वाढवण्याचा सरकारचा विचार आहे काय’, असं काहीतरी. मी ‘होय’ लिहून पाठवतो. हक्कभंग मात्र आणू नकोस. पाया पडतो.

धाकटा


२६ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी आमच्या नेत्यांनी मला बोलावलं होतं. रुग्णालयाच्या जिन्यावरून पेशंट नेतानाचा फोटो कुणीतरी त्यांना पाठवला. सरकारनं सभागृहात धडधडीत खोटं सांगितलं, हक्कभंग आणा, मंत्र्याला घरी पाठवू, असं ते म्हणाले. वर म्हणाले, उपनेतेपद रिकामं आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला खुर्ची पुढे सरकवून दिली. मी इतकी वर्षं घसा फोडला तो याच दिवसासाठी, हे तुला खोटं का सांगू?

पण मी त्या मंत्र्याला ओळखते. हक्कभंग आला की तो कागद उलटून खाली बघेल आणि म्हणेल, स्थानिक अधिकाऱ्यानं चुकीची माहिती दिली. बळी जाईल तो तू. मंत्र्याला दुसरं खातं मिळेल, कदाचित शिक्षण.

आणि तोवर नाना वरच.

तेव्हा तुझ्या मनासारखं होऊ दे. सोबत प्रश्न पाठवते: ‘जनतेच्या पसंतीस उतरलेल्या उद्वाहनाची कार्यक्षमता अधिक उंचावण्याचा प्रस्ताव शासनाच्या विचाराधीन आहे काय?’ सत्ताधाऱ्यांची लाडकी मंडळी असले प्रश्न विचारतात, मंत्र्यांना हसत हसत उत्तर देता यावं म्हणून. नेत्यांना सांगेन, पुरावा पुरेसा नाही. उपनेतेपदाचं काय ते होईल.

नानांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्यापुढे मला मान वर करून उभं राहायचं आहे.

ताई


३० मार्च
चौथा मजला

तुम्हा दोघांना,

आशीर्वाद आहेत, पण ते तुमच्या वागण्याशी जोडू नका.

धाकट्यानं ताईची पत्रं माझ्या उशीखाली ठेवली. उशी उंच व्हावी म्हणून ठेवली असतील तर तसं सांगायला हवं होतं. मी वाचली. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, कागद दिसला की डोळा जातोच. आडवं पडून लिहितोय, तेव्हा ओळी वर चढल्या तर समजून घ्या. इथं वर चढण्याची सोय तेवढीच आहे.

धाकट्या, डॉक्टरांच्या काचेचं मला वाईट वाटलं नव्हतं. काच काय, दुसरी बसते. वाक्याचं वाटलं होतं. त्या दिवशी तुला दोन मारायला हव्या होत्या, पण वाक्य ऐकून मला हसू आलं आणि राहून गेलं. त्याचं फळ आज चौथ्या मजल्यावर भोगतोय.

ताई, तू एवढ्यात खूश होऊ नकोस. दगड त्याच्या हातात कुणी दिला होता? आणि ‘काच कोणी फोडली, काच कोणी फोडली’ असं अंगणभर सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडत होतं? मला वर आणताना, लिफ्टच्या दाराशी यांनी जरा दम खाल्ला. तेवढ्यात मी भिंतीवरच्या दोन पाट्या वाचल्या. खालची या मंत्र्यांची, दार रंगवल्याची. वरची तुझी. तुमचं राज्य होतं तेव्हा या लिफ्टची फीत तू कापलीस. तुझ्या दोन्ही प्रश्नांत ती पाटी कुठं दिसली नाही. फीत कापल्यावर ही लिफ्ट महिनाभर तरी धड चालली का, हे तू तेव्हा कुणाला विचारलं होतंस?

माझ्या शेजारच्या खाटेवर एक सुतार आहे. त्याचाही एक्स-रे राहिलाय. त्याची मुलगी आमदार नाही, मुलगा अधिकारी नाही. त्याच्यासाठी गुळगुळीत प्रश्न कोण तयार करणार? आणि ‘विचाराधीन’ म्हणजे किती काळ, हे मला तुम्ही शिकवू नका. मी इथं विचाराधीनच पडलोय.

तेव्हा असं करा. ताई, पहिलाच प्रश्न पुन्हा विचार, एक अक्षर न बदलता. धाकट्या, खरं उत्तर दे. त्यानं नोकरी गेली तर घरी ये, माझ्या पेन्शनीत सगळे जेवू. पण लिफ्ट सुरू होत नाही तोवर मला कुणी पाठुंगळीला मारून खाली नेलं, तर मी रस्ताभर बोंब मारीन.

नाना


४ एप्रिल

ताई,

तुझा प्रश्न आला. उत्तर पाठवलं. अधीक्षक सुट्टीवर होते, म्हणून त्यांच्या सहीची वाट पाहिली नाही. थेट मंत्रालयातल्या कक्षाला पाठवलं. उत्तर असं काही लिहिलं नाही, तुझ्या एक, दोन, तीनच्या क्रमानं सरळ पत्रच लिहिलं. जे झालं ते ‘मी’, ‘मला’ करून सांगितलं आणि खाली सही केली. आता यातून तिथल्या लोकांनी काय ते उत्तर तयार करावं.

टेबल आवरून ठेवलंय. संडासाशेजारून हलायचं म्हणजे वाईट वाटायचं कारण नाही, तरी वाटतंय. बायको म्हणाली, बरं केलंत, आणि मग बराच वेळ भांडी आपटत होती.

नानांचं दुखणं वाढलंय. आता ते कबूल करतात.

धाकटा


१२ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र बसून वाच. शेजारी कुणी असेल तर त्यालाही बसव.

मी प्रश्न वाचला. एक, दोन, तीन, जसाच्या तसा. सत्ताधारी बाकांवर आधीच हसायची तयारी झाली होती. मंत्री उठले, चष्मा लावला, कागद घेतला. तुमच्या त्या कक्षातल्या विद्वानानं तुझं पत्र नेहमीप्रमाणे न वाचता उतरवून काढलं होतं, फक्त वरचा मायना आणि खालची तुझी सही गाळून. आणि मंत्र्यांनी नेहमीप्रमाणे ते न समजता वाचलं, ठणठणीत आवाजात:

‘एक: होय, हे खरे आहे. लिफ्ट बंद आहे. दोन: दुरुस्ती मंजूर होताच सुरू होईल. तीन: विलंबाचे कारण म्हणजे मागील उत्तर. ते उत्तर खोटे होते. ते मी लिहिले. लिहिताना लिफ्ट बंद आहे हे मला माहीत होते, परंतु मला माझ्या खुर्चीची काळजी होती.’

आणि खोकले.

असली शांतता मी त्या सभागृहात कधी अनुभवली नाही. शोकप्रस्तावालाही लोक कुजबुजतात. मग त्यांच्या मागच्या बाकावरून कुणीतरी वाकून कानात सांगितलं, आणि मंत्र्यांनी तो कागद असा धरला, जसं काही पहिल्यांदाच कुणी त्यांना कागद दाखवतंय. म्हणाले, ‘यातला मी म्हणजे मी नाही.’ अध्यक्षांनी विचारलं, ‘मग आपण आत्ता कुणाचं वाचलंत?’ हे मात्र कागदावर नव्हतं, त्यामुळे मंत्री खाली बसले.

आमचे लोक ‘राजीनामा, राजीनामा’ करत उठले. पुरवणीसाठी मला पुकारलं. नेत्यांनी डोळ्यांनी खूण केली, आता सोडू नका. मी उभी राहिले, धाकट्या. म्हटलं, ‘अध्यक्ष महोदय, त्या लिफ्टशेजारी दोन पाट्या आहेत. वरची माझी आहे. मी फीत कापली, फोटो काढला आणि पुन्हा त्या दाराशी गेले नाही. तेव्हा आता एकच विचारते. ती सुरू कधी होणार?’ नेत्यांची फाईल तोंडावरून खाली आली होती आणि तोंड उघडं होतं. उपनेतेपद आता दुसऱ्या कुणासाठी तरी स्थिर अवस्थेत उपलब्ध आहे.

तुझ्या नोकरीची काळजी करू नकोस. तुझ्यावर कारवाई करायची तर ‘मी’ म्हणजे तू, हे त्यांना सांगावं लागेल. म्हणजे मंत्री काय वाचतात हे त्यांनाच कळत नाही, हे सांगावं लागेल. नोंदीत ‘मी’ मंत्र्यांचाच आहे. तुझा अभियंता म्हणाला होता ना, सभागृहात सांगितलंय म्हणजे तसंच आहे!

दुरुस्तीचा आदेश संध्याकाळी निघाला. नानांना सांग. मी खूप रडले, हेही सांग.

ताई


२ मे

ताई,

लिफ्ट सुरू झाली. लिफ्टमन आता स्टूल आत टाकून बसतो, पण सवयीनं पेशंट दिसला की आधी खांदा पुढे करतो. मंत्र्यांच्या कार्यालयातून तिसऱ्या पाटीची मापं मागवली आहेत. भिंतीवर जागा नाही असं मी कळवलं. खरंच नाही. माझं टेबल संडासाशेजारीच आहे. अधीक्षक मला टाळतात, त्यामुळे काम छान होतं.

नानांनी पहिल्या फेरीला सुताराला पाठवलं. दुसऱ्या फेरीला ते उतरले. खाली पोचेपर्यंत त्यांनी डोळे मिटले होते आणि माझा शर्ट धरला होता. बटण शाबूत राहिलं.

एक्स-रे निघाला. प्लेटचा स्क्रू कधीच सरकला होता, आणि हाड तसंच जुळत आलंय. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाहिलं असतं तर लगेच सरळ करता आलं असतं. आता या वयात पुन्हा उघडण्यात अर्थ नाही. सुताराचं मात्र निभावलं.

परवा त्यांना घरी आणलं. काठी धरून ओट्यापर्यंत चालले, एका बाजूला झुकत. तिथं उभे राहून त्यांनी मला विचारलं, अगदी तुझ्यासारखं. एक: माझा पाय आखूड झाला, हे खरे आहे काय? मी म्हटलं, हो. दोन: तो पूर्वीसारखा होणार काय? मी म्हटलं, नाही. तीन: विलंबाची कारणे काय?

ताई, तू ये. या तिसऱ्या भागाचं उत्तर मला एकट्याला देता येत नाही, आणि ते मिळेपर्यंत नाना बसायला तयार नाहीत.

धाकटा